धरणी कोणत्या दिशेने हलली? – जॉन मिल्न यांची गोष्ट



भूकंप झाला की आपण सगळ्यात आधी विचारतो, किती रिश्टरचा? मग विचारतो, कुठे झाला? आणि मग, किती माणसं गेली? न्यूज चॅनेलच्या खालच्या पट्टीत याच तीन प्रश्नांची उत्तरं फिरत असतात. चौथा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि सिव्हिलला अॅडमिशन घेईपर्यंत मलासुद्धा तो कधी सुचला नव्हता. जमीन हलली ती कोणत्या दिशेने?

आता कुणी म्हणेल, हलली ती हलली, दिशेचं काय घेऊन बसलीस? पण जे बंडीत बसून शेतात गेले आहेत त्यांना हे लगेच पटेल. बंडी चाकोरीतून चालली की डावी-उजवीकडे एक प्रकारचे हिसके बसतात आणि पुढे-मागे वेगळे. बंडीत उभं राहायचं असेल तर पाय कसे रोवायचे, हे हिसका कुठून येतो त्यावर ठरतं. हिसका बाजूने येणार असेल तर पाय फाकवून उभं राहायचं, पुढून-मागून येणार असेल तर एक पाय पुढे टाकायचा. इमारतीचं अगदी असंच असतं. फरक इतकाच, की इमारतीला ऐनवेळी पाय हलवता येत नाहीत. ती बांधताना जशी उभी केली, तशीच तिला हिसका झेलावा लागतो.

या चौथ्या प्रश्नामागे ज्यांनी सगळं आयुष्य घालवलं, त्या जॉन मिल्न यांच्याबद्दल मला आज लिहायचं आहे. जगात त्यांना आधुनिक भूकंपशास्त्राचे जनक म्हणतात. पण आपल्या पुस्तकात त्यांचं नाव एखाद्या ओळीत येतं आणि ती ओळ परीक्षेला येत नाही, म्हणून आपण पुढे जातो. मला ते जवळचे वाटले याचं कारण वेगळं आहे. ते होते एका इंजिनिअरिंग कॉलेजातले मास्तर, आणि त्यांची पहिली प्रयोगशाळा म्हणजे त्या कॉलेजचं आवार.

जॉन मिल्न यांचा जन्म 30 डिसेंबर 1850 रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला झाला. लंडनचं किंग्ज कॉलेज आणि नंतर रॉयल स्कूल ऑफ माइन्स इथे ते शिकले. विषय होता खाणकाम आणि भूशास्त्र. शिक्षण संपल्यावर न्यूफाउंडलंड, लॅब्राडोर, सिनाई अशा दूरदूरच्या जागी त्यांनी खडकांचा अभ्यास केला. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर साईटवर राबलेला माणूस. तोपर्यंत भूकंपाशी त्यांचा काही संबंध नव्हता, कारण इंग्लंडमध्ये भूकंप जवळजवळ होतच नाहीत.

त्या काळात जपानने आपले दरवाजे नुकतेच जगासाठी उघडले होते. रेल्वे, तारायंत्र, गिरण्या, पूल, सगळं एकदम उभं करायचं होतं आणि त्यासाठी इंजिनिअर हवे होते. म्हणून टोकियोत इम्पिरियल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग सुरू झालं आणि शिकवायला परदेशातून तरुण प्राध्यापक बोलावले गेले. प्राचार्य हेन्री डायर हेसुद्धा तिशीच्या आतले होते. खाणकाम आणि भूशास्त्र शिकवायला मिल्न यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम 24. म्हणजे आमच्या लास्ट इयरच्या मुलांपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे!

बोटीचा प्रवास त्यांना सोसत नसे, असं सांगतात. त्यामुळे 1875 मध्ये ते निघाले ते जमिनीवरून. युरोप, रशिया, सायबेरिया, मंगोलिया, चीन असं करत करत, कडाक्याच्या थंडीत, सुमारे सात महिन्यांनी ते 1876 मध्ये टोकियोला पोचले. पोचल्याच्या पहिल्याच रात्री तिथे भूकंपाचा धक्का बसला अशी गोष्ट त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. जपानने जणू त्यांना पहिल्याच दिवशी सिलॅबस दाखवून दिला.

22 फेब्रुवारी 1880 रोजी योकोहामाला एक मोठा धक्का बसला. फार मनुष्यहानी झाली नाही, पण परदेशी लोकांच्या घरांची धुराडी पडली, भिंती तडकल्या आणि स्मशानातले दगडी खांब आडवे झाले. याच भूकंपानंतर, त्याच वर्षी, मिल्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानची भूकंपशास्त्र संस्था स्थापन केली. फक्त भूकंपाचा अभ्यास करणारी ती जगातली पहिली संस्था.

त्या काळी भूकंपाची दिशा शोधायची एक पद्धत प्रसिद्ध होती. रॉबर्ट मॅलेट नावाच्या आयरिश इंजिनिअरने 1857 च्या इटलीतल्या मोठ्या भूकंपानंतर गावोगाव फिरून पडलेल्या वस्तू आणि भिंतींच्या भेगा मोजल्या होत्या. त्यांचा विचार साधा होता. खांब ज्या रेषेत पडला, त्या रेषेत धक्का आला. अनेक गावांच्या रेषा नकाशावर काढल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे भूकंपाचं मूळ. ऐकायला एकदम पटतं. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटवर तर फारच सुंदर दिसेल.

मिल्न यांनी योकोहामाच्या स्मशानातले दगड याच नजरेने तपासायला घेतले आणि तिथेच शंका सुरू झाली. काही दगड पडले नव्हते, तर जागच्या जागी फिरले होते, कुणी हाताने मळसूत्र फिरवावं तसे. धक्का एकाच रेषेत आला असता तर दगड फिरले का? त्यांचे सहकारी थॉमस ग्रे यांनी याचं स्पष्टीकरण दिलं, की चौकोनी दगडाच्या बाजू धक्क्याच्या रेषेशी तिरप्या असतील तर तो एका कोपऱ्यावर टेकतो आणि फिरतो. म्हणजे वस्तू कशी पडते हे एकट्या धक्क्यावर ठरत नाही, तर त्या वस्तूच्या आकारावर आणि ती कशी ठेवली आहे त्यावरसुद्धा ठरतं. मला वाटतं, मिल्न यांच्या सगळ्या कामाचं बीज इथे आहे. पडलेल्या वस्तूंना विचारून भागणार नव्हतं. जमिनीलाच विचारायला हवं होतं, आणि त्यासाठी यंत्र हवं होतं.

यंत्र बनवायचं कसं? अडचण बघा. जमीन किती हलली हे मोजायला एक न हलणारी वस्तू पाहिजे, पण भूकंपात तर सगळंच हलतं. टेबल, भिंत, मोजणारा माणूस, सगळं! यावर उपाय म्हणजे आडवा लंबक. आपल्या वाड्याचं किंवा शेताचं फाटक आठवा. बिजागरीचा खांब किंचित तिरपा असेल तर फाटक सोडलं की आपोआप हळूहळू एका जागी येऊन थांबतं. तिरपेपणा जितका कमी, तितकं ते आळशी. जमीन पटकन हलली तर खांब हलतो, पण फाटकाच्या टोकाला बांधलेलं वजन आपल्या आळसामुळे मागे राहतं. त्या वजनाला एक सुई जोडली आणि खाली फिरती काच ठेवली, की रेघ उमटते. मिल्न, ग्रे आणि जेम्स अल्फ्रेड युइंग हे तिघेही टोकियोत होते आणि तिघांनी मिळून, कधी एकमेकांशी चढाओढ करून, अशी यंत्रं तयार केली. श्रेय कुणाचं यावरून मिल्न आणि युइंग यांच्यात चांगलीच वादावादी झाली होती. ग्रुप प्रोजेक्टमध्ये जे आपल्याकडे होतं तेच!

आता खरी गंमत. फाटक फक्त एकाच दिशेने झुलतं. त्याच्या लांबीला काटकोनात जमीन हलली तर ते दाखवतं, पण लांबीच्या दिशेने हलली तर गप्प बसतं. म्हणून युइंग यांनी दोन लंबक एकमेकांना काटकोनात बसवले. एक पूर्व-पश्चिम बघणार, दुसरा दक्षिण-उत्तर. वर-खाली हालचालीसाठी पुढे तिसरा आला. या यंत्रांनी जे दाखवलं ते कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. जमीन एका रेषेत मागे-पुढे होतच नव्हती. ती आधी एकीकडे जायची, मग वळायची, गोल फिरायची, परत तिरपी निघायची. त्यांचे जपानी सहकारी सेकिया सेइकेइ यांनी 15 जानेवारी 1887 च्या भूकंपात जमिनीचा एक कण कसा कसा फिरला, याचा तारेचा नमुनाच बनवला. त्याचा फोटो पाहिला तर मांजराने खेळून गुंता केलेली लोकर वाटते.

माझी आजी गहू चाळते ते मी लहानपणापासून पाहते आहे. चाळणी कधी पुढे-मागे, कधी गोल, मध्येच एक तिरपा झटका. प्रत्येक झटक्याला दाणे वेगळ्या बाजूला गोळा होतात. भूकंपात जमीन अशी चाळली जाते आणि आपण म्हणजे ते दाणे. फक्त एक आहे, चाळणीच्या त्या सगळ्या हालचालीत कुठली तरी एक बाजू अशी असते की तिकडचे झटके इतर बाजूंपेक्षा जोरदार असतात. ती बाजू कोणती, हे आधीपासून कुणालाच सांगता येत नाही.

मिल्न यांचे टोकियोतले प्रयोग वाचले की हेवा वाटतो. जवळजवळ एक टन वजन उंचावरून जमिनीवर टाकून, सुरुंग उडवून ते स्वतःच छोटे भूकंप करत आणि लाटा कशा पसरतात ते मोजत. टोकियोच्या आजूबाजूच्या गावांना त्यांनी पोस्टकार्डांचे गठ्ठे पाठवले. दर आठवड्याला एक कार्ड टपालात टाकायचं आणि धक्के जाणवले की नाही तेवढं कळवायचं. इंटरनेटच्या शंभरेक वर्षं आधीचं हे डेटा कलेक्शन! 1884-85 मध्ये त्यांनी कॉलेजच्या आवारात वेगवेगळ्या ठिकाणी यंत्रं ठेवली, तर एकाच भूकंपात, एकाच आवारात, थोड्याशा अंतरावर जमीन कुठे फार तर कुठे कमी हलत होती. मऊ, ओल्या मातीवर जास्त, कठीण जमिनीवर कमी.

त्यांचा सगळ्यात भन्नाट प्रयोग म्हणजे गोळ्यांवरचं घर. एक लहान इमारत त्यांनी लोखंडी गोळ्यांवर उभी केली. गोळा कोणत्याही आडव्या दिशेला सारखाच घरंगळतो, त्यामुळे धक्का कुठूनही येवो, खालची जमीन सरकेल आणि वरचं घर जागच्या जागी राहील, हा विचार. पहिले गोळे दहा इंचांचे होते. भूकंपात घर ठीक राहिलं, पण साध्या वाऱ्याने हलायला लागलं! मग गोळे लहान लहान करत ते पाव इंचापर्यंत आले. आज आपण ज्याला बेस आयसोलेशन म्हणतो आणि ज्याच्यावर सेमिनार देतो, त्याचा हा एक अगदी सुरुवातीचा प्रयोग.

पण हा सगळा खेळ नव्हता, हे 28 ऑक्टोबर 1891 ला कळलं. जपानच्या मिनो-ओवारी भागात भयानक भूकंप झाला आणि 7 हजारांहून अधिक माणसं गेली. शेतात सहा-सहा मीटर उंचीची पायरी तयार झाली. मिल्न लगेच तिथे गेले. त्यांनी पाहिलं की इंग्लंडहून नकाशे आणून बांधलेल्या विटांच्या नव्या इमारती, गिरण्यांची धुराडी आणि नागारा नदीवरचा रेल्वेचा लोखंडी पूल मोडून पडला होता. इंग्लंडमधल्या इमारतींना फक्त वरून खाली येणारं वजन पेलायचं असतं. बाजूने येणारा हिसका तिथल्या नकाशात नव्हताच. यानंतर जपान सरकारने भूकंप तपास समिती नेमली. मिल्न आणि फुसाकिची ओमोरी यांनी विटांचे खांब हलत्या टेबलावर ठेवून, आडव्या धक्क्याने ते कधी पडतात आणि कधी मोडतात हे मोजलं. आपल्या मोठमोठ्या संस्थांमध्ये आज जी शेक टेबल आहेत त्यांचं हे पणजोबा.

हे सगळं मी हिवरखेडला दिवाळीच्या सुट्टीत वाचत होते, आणि वाचता वाचता माझं लक्ष आमच्याच घराकडे गेलं. आमच्याकडे बरीच घरं असतात तसंच आमचं आहे. खाली रस्त्याला लागून चार दुकानं, वर आम्ही. दोन दुकानांच्या मधल्या भिंती रस्त्याला काटकोनात. मागे एक सलग भिंत. आणि समोर? समोर फक्त शटर आणि बारीक कॉलम. म्हणजे हिसका रस्त्याला आडवा आला तर पाच भिंती तो झेलायला तयार आहेत. पण तोच हिसका रस्त्याच्या दिशेने आला तर झेलणारी एकटी मागची भिंत. मागची बाजू घट्ट आणि पुढची सैल, त्यामुळे घर नुसतं सरकणार नाही, तर मागच्या भिंतीभोवती पिळलं जाईल, योकोहामाच्या त्या दगडांसारखं. आणि वर पुढच्या खोलीत आजी झोपते.

त्यात यंदा कपाशीचे पैसे आले की वर आणखी एक मजला चढवायचं ठरत होतं. मी कागदावर घराचा प्लॅन काढून बाबांना आणि मोठेबाबांना दाखवला. मोठेबाबांचं म्हणणं होतं की आपल्याकडे कुठे भूकंप होतात? गावाच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचं खोरं, सगळं कसं शांत. मी सांगितलं की सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी गाविलगड भ्रंश आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ‘भ्रंश’ हा शब्द मला स्वतःला ‘फॉल्ट’ म्हणून आधी माहीत होता, त्यामुळे समजावताना दोन्ही शब्द वापरले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपर्यंत किल्लारीच्या लोकांनाही आपली जमीन शांतच वाटत होती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं, आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भिंत आपल्या लांबीच्या दिशेने मजबूत असते, पण जाडीच्या दिशेने धक्का आला की उलथते. तिथल्या घरांत भिंती एकमेकींना कोपऱ्यात नीट बांधलेल्या नव्हत्या, त्यामुळे एकीला दुसरीचा आधार मिळाला नाही.

उपाय अगदी अवघड नाही. पुढच्या बाजूला, रस्त्याच्या दिशेने, काँक्रीटच्या दोन लहान भिंती घेतल्या तर दोन्ही दिशांचं बळ बरंचसं सारखं होतं. पण त्यासाठी दोन दुकानांचं शटर अरुंद करावं लागतं आणि अरुंद दुकानाला भाडं कमी मिळतं. आमच्या घरात यावर बरेच दिवस चर्चा चालली. शेवटी बाबांनी वरच्या मजल्याचं काम थांबवलं आणि अकोल्याच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवायचं ठरवलं. मोठेबाबांना अजून पूर्ण पटलेलं नाही. दर महिन्याला येणारं भाडं दिसतं आणि शंभर वर्षांत कधीतरी येणारा हिसका दिसत नाही, त्यामुळे त्यांना दोष तरी कसा देणार?

मिल्न यांच्याकडे परत येऊ. 1881 मध्ये त्यांनी तोने होरिकावा या जपानी मुलीशी लग्न केलं होतं. तिचे वडील हाकोदाते इथे बौद्ध मठाचे प्रमुख होते. जपान हेच त्यांचं घर झालं होतं. पण फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांच्या घराला आग लागली आणि पुस्तकं, नोंदी, यंत्रं, सगळं जळून गेलं. वीस वर्षांचं काम राख. आपली एक पेन ड्राइव्ह करप्ट झाली तरी आपण आठवडाभर रडतो! मिल्न त्याच वर्षी तोने यांच्यासह इंग्लंडला परतले. जपानच्या सम्राटांनी त्यांना मानाचा किताब आणि पेन्शन दिलं. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेटावर शाइड या गावी त्यांनी घर घेतलं आणि वयाच्या पंचेचाळिशीत पुन्हा शून्यातून सुरुवात केली.

1883 मध्येच त्यांनी अंदाज केला होता की मोठा भूकंप जगात कुठेही झाला तरी चांगलं यंत्र असेल तर तो कुठूनही टिपता येईल. 1889 मध्ये जर्मनीत फॉन रेबूर-पाश्वित्झ यांच्या यंत्रावर जपानचा भूकंप उमटला आणि तो अंदाज खरा ठरला. आता मिल्न यांनी स्वतःचं स्वस्त आणि सुटसुटीत यंत्र जगभर बसवायचा ध्यास घेतला. ब्रिटिश असोसिएशनच्या मदतीने सुमारे 40 ठिकाणी मिल्न यंत्रं बसली. 12 जून 1897 च्या आसामच्या महाभूकंपानंतर भारतातही त्याची गरज पटली होती. 1898-99 च्या सुमारास कलकत्ता, कोडाईकनाल आणि आपल्या मुंबईची कुलाबा वेधशाळा या जाळ्यात आल्या. महाराष्ट्राच्या भूमीवर भूकंप मोजायला बसलेलं हे सुरुवातीचं यंत्र एका खाणकामाच्या मास्तराने कॉलेजच्या आवारात सुरू केलेल्या कामातून आलेलं होतं, हे वाचून मला खरंच छान वाटलं. पुढे 1906 मध्ये रिचर्ड ओल्डहॅम यांनी अशाच नोंदींवरून पृथ्वीच्या पोटात गाभा आहे हे दाखवलं.

आणि तरीही या यंत्रात एक मोठी उणीव होती. स्वस्त आणि सुटसुटीत करायच्या नादात मिल्न यांनी त्यात बहुतेक ठिकाणी एकच लंबक ठेवला. म्हणजे एकच फाटक, एकच दिशा. शिवाय त्याची झुलणी आवरायला काही सोय नव्हती, त्यामुळे जमीन थांबली तरी ते झुलत राहायचं. ज्यांच्या टोळीने टोकियोत दोन दिशांनी मोजायला सुरुवात केली, त्यांच्याच यंत्रावर पुढे एका दिशेची म्हणून टीका झाली. पण जगभर एकाच प्रकारची 40 यंत्रं असणं त्यांना दोन-चार ठिकाणी परिपूर्ण यंत्र असण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं असावं. आपणसुद्धा प्रोजेक्ट करताना बजेट बघूनच काय सोडायचं ते ठरवतो ना? 31 जुलै 1913 रोजी मिल्न यांचं निधन झालं. पुढे काही वर्षांनी तोने एकट्याच जपानला परत गेल्या.

मिल्न गेल्यानंतर 54 वर्षांनी, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगरला भूकंप झाला. तीव्रता 6.3 च्या आसपास, सुमारे 180 माणसं गेली. धरणाच्या गॅलरीत एक यंत्र बसवलेलं होतं आणि ते तिन्ही दिशांनी मोजत होतं. त्याची नोंद जगभर प्रसिद्ध झाली. धरणाच्या लांबीच्या दिशेने सर्वात जास्त त्वरण 0.63 जी, धरणाला आडवं, म्हणजे नदीच्या दिशेने 0.49 जी आणि वर-खाली 0.34 जी. एकच भूकंप, एकच जागा, आणि दोन आडव्या दिशांत इतका फरक.

आता मिल्न यांचे योकोहामाचे दगड आठवा. जास्त जोर लांबीच्या दिशेने होता, पण धरणाला आडव्या भेगा पडल्या त्या नदीच्या दिशेने मागे-पुढे वाकल्यामुळे, वरच्या बाजूला जिथे त्याची जाडी एकदम बदलते तिथे. कारण लांबीच्या दिशेने धरण म्हणजे शेकडो मीटरची भिंत, तिकडे ते कुणाला ऐकत नाही. 0.63 ने जे केलं नाही ते 0.49 ने केलं. नुकसान समजून घ्यायला जमिनीची दिशा आणि इमारतीची दिशा दोन्ही लागतात. धरण सुदैवाने टिकलं आणि नंतर मागून काँक्रीटचा आधार देऊन ते मजबूत करण्यात आलं. दख्खनचं पठार म्हणजे न हलणारा दगड, हा समज मात्र तुटला, आणि 1970 मध्ये आपल्या आय.एस. 1893 कोडमधला भूकंपाचा नकाशा बदलला.

आणखी एक गोष्ट. यंत्राने 0.63 आणि 0.49 दाखवले ते ते यंत्र ज्या दोन दिशांना तोंड करून बसलं होतं त्या दिशांचे. खरा सगळ्यात जोरदार झटका मधल्याच कुठल्या तिरप्या दिशेला असू शकतो. दोन्ही नोंदी हातात असल्या की तो गणिताने काढता येतो. एका नोंदीला कोनाच्या कोसाइनने, दुसरीला साइनने गुणायचं, बेरीज करायची आणि हा कोन 0 पासून 180 अंशांपर्यंत फिरवत न्यायचा. कोयनेचे दोन्ही कळस अगदी एकाच क्षणी आले असते तर पायथागोरसने उत्तर 0.80 जी आलं असतं. ते एका क्षणी येत नाहीत म्हणून खरं उत्तर 0.63 आणि 0.80 च्या मध्ये कुठेतरी असणार. जगभरच्या नोंदी अशा फिरवून पाहिल्यावर दिसलं की सर्वात वाईट दिशेचं हलणं दोन दिशांच्या सरासरीपेक्षा साधारण सव्वापट असतं. भ्रंशाच्या अगदी जवळ तर भ्रंशरेषेला काटकोनात असलेली दिशा जास्त घातक ठरू शकते. 17 जानेवारी 1995 च्या कोबेच्या भूकंपात हेच दिसलं. दूर गेल्यावर मात्र वाईट दिशा कोणती हे सांगता येत नाही, म्हणून आपला कोड प्रत्येक इमारत दोन्ही आडव्या दिशांनी तपासायला लावतो, आणि आकार वेडावाकडा असेल तर एका दिशेचं पूर्ण बळ आणि त्याच वेळी दुसऱ्या दिशेचं 30 टक्के धरायला सांगतो. परीक्षेत आपण ते 0.3 पाठ करून लिहितो. त्याच्या मागे स्मशानातले फिरलेले दगड आहेत, हे आता तरी लक्षात राहील.

मित्रांनो, एक छोटंसं काम सुचवते. सबमिशन संपलं की आपल्या हॉस्टेलच्या किंवा कुठल्याही नव्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उभे राहा. वर पाच मजले, खाली नुसते कॉलम. वहीत दोन रकाने करा. एका दिशेच्या भिंती एका रकान्यात, काटकोनातल्या दुसऱ्या रकान्यात. मग आकडे बघा. एका रकान्यात शून्य आलं, तर ती वही घेऊन स्ट्रक्चर शिकवणाऱ्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा आणि विचारा, की सर, या बाजूने हिसका आला तर?